पिवळ्या चरबीचा मेंढा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आई जायच्या आदल्या दिवशी ओठांपर्यंत आलं होतं — पण मी तिला चमच्याने पाणी पाजलं आणि गप्प बसलो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर आपण कबुली द्यायला बसतो आणि वकिली करून उठतो. मला वकिली करायची नाही.

सुरुवात कुठून करू? कामापासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी मटण तपासणारा माणूस होतो. जनावरांचा डॉक्टर झालो तेव्हा आईला वाटलं, पोरगा गावाकडे जाऊन म्हशींना इंजेक्शनं देईल, लोक अंगणात आणून फणस ठेवतील. मला नोकरी लागली ती उपनगरातल्या एका लहानशा कत्तलखान्यात. आता तो नाही, जागेवर इमारती आहेत. आई म्हणाली, "इतक्या शिकलंस आणि आता खाटकांच्या मदी उभो रवतलंस?" रवतलंय, म्हटलं. पगार सरकारी होता. वडिलांची गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं आणि घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत सरकारी पगाराला कुणी नावं ठेवत नव्हतं.

काम असं — जनावर आत येताना ते कसं चालतं ते बघायचं. कापल्यावर काळीज, फुप्फुसं, गाठी हाताने चाचपायच्या, जिथे शंका येईल तिथे सुरीने छेद द्यायचा, नाकाजवळ धरायचं. सगळं ठीक असेल तर मांडीवर आणि खांद्यावर जांभळा शिक्का मारायचा. गृहिणी पिशवी घेऊन दुकानात उभी राहते, तिला काळीज कळत नाही, गाठी कळत नाहीत, तिला तो जांभळा डाग दिसतो. त्या डागावर विश्वास ठेवून ती घरी जाऊन वाटण वाटते. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. अजूनही असता, कदाचित.

लोकांना वाटतं, अशा नोकरीतलं पाप म्हणजे पैसे खाऊन सडकं मटण सोडणं. तसं माझ्या हातून एकदाही झालं नाही. वाईट जनावर मी कधी सोडलं नाही. ऐकायला बरं वाटतं ना? मलाही बरं वाटायचं. निरोप समारंभात हेच बोलले सगळे, आणि मी शाल पांघरून मान खाली घालून ऐकत होतो. विनयाने मान खाली घातली, असं त्यांना वाटलं.

रघुभाऊंबद्दल सांगायला हवं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रघुभाऊंचं मटणाचं दुकान होतं. घाटावरचे हिंदू खाटीक, पण दोन पिढ्या मुंबईतच गेलेल्या. बुटके, रुंद, हसले की पोट आधी हसायचं. मी शाळेत होतो तेव्हापासून ते मला ओळखत. आईने अर्धा किलो आणायला पाठवलं की वर एक तुकडा काळजाचा टाकायचे आणि म्हणायचे, "हे तुझं रे पम्या. घरी सांगू नको, भाजून खा." माझं नाव प्रमोद. पण त्या गल्लीत प्रमोद कुणालाच माहीत नव्हता. मी पम्या होतो.

त्या माणसाला खाऊ घालायची हौस होती, भारीच हौस होती. कुणाच्या घरी बाळंतीण असली की पाया आपणहून जायचा. कुणाचा ताप उतरला की अळणी — म्हणजे मिठाशिवाय शिजवलेल्या मटणाचं ते पातळ पाणी — त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, डब्यात भरून द्यायच्या आणि रघुभाऊ स्वतः घेऊन जायचे. गणपतीत आरती झाली की प्रसादाचं ताट दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊच द्यायचे नाहीत. प्रत्येकाच्या तळहातावर स्वतः ठेवणार. पोरं दोनदा रांगेत उभी राहायची, ते ओळखायचे, आणि दोनदा द्यायचे. हे लक्षात ठेवा. मी हे उगाच सांगत नाही.

तर मी डॉक्टर होऊन त्याच कत्तलखान्यात उभा राहिलो जिथे रघुभाऊ आपली जनावरं आणत. मी पांढरा कोट घातलेला, पायात गमबूट, हातात सुरी — आणि भर खाटकांच्या गर्दीत ते ओरडणार, "काय रे पम्या, झोप झाली का? मार पटकन शिक्का, गिऱ्हाईक खोळंबलंय." कधी गालावर टिचकी मारणार. बाकीचे हसायचे. त्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. ते मला घरचा समजत होते. पण मला — खरं सांगतो — ते खुपायचं. अंगात कोट चढला होता, तो डोक्यातही चढला होता. बाकीचे खाटीक मला साहेब म्हणायचे, पण रघुभाऊ आले की त्यांच्याही तोंडावर हसू यायचं. मी मनातल्या मनात ठरवलं होतं की एक दिवस यांना जागा दाखवायची. किती घाण शब्द आहेत हे, जागा दाखवायची. ज्याने मला काळीज खायला दिलं त्याला.

तो दिवस आला आखाडात. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. मुंबईत त्या दिवशी मटणाला काय गर्दी असते हे वेगळं सांगायला नको, पुढे महिनाभर उपास. पहाटेपासून कत्तलखाना भरलेला. बाहेर धो धो पाऊस. आमच्याकडच्या ट्यूबलाइट पावसात हमखास दगा द्यायच्या, त्या दिवशी एकही धड पेटत नव्हती. वायरवर पिवळे बल्ब लोंबत होते तेवढ्याच उजेडात काम चाललेलं.

रघुभाऊंचा एक मेंढा माझ्यासमोर आला. अंगावरची चरबी पिवळी.

इथे थोडं समजावून सांगतो. मेंढ्याची चरबी पिवळी दिसली तर दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे कावीळ, मग ते मटण बाद. दुसरी म्हणजे काहीच नाही. काही मेंढ्यांची चरबी जन्मतःच पिवळसर असते, काहींची भरपूर हिरवा पाला खाऊन होते. मटण उत्तम, बिनघोर खावं. दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नसतं. कावीळ असली तर डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, स्नायूंच्या दोऱ्या पिवळ्या होतात, मोठी रक्तवाहिनी उभी चिरली तर तीही आतून पिवळी. नुसती चरबीच पिवळी असेल तर ती कावीळ नव्हे. आणि आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं — पिवळ्या दिव्याखाली कावीळ बघू नका. बल्बच्या उजेडात चुनाही पिवळा दिसतो. शंका आली तर जनावर थंड खोलीत टांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी परत बघा.

मी डोळ्याची पापणी ओढली का? ओढली. पाहिलं का? — नजर तिथे होती, लक्ष नव्हतं. कारण नेमकं तेव्हाच रघुभाऊंनी माझ्या पाठीत थाप मारली होती. "अरे पम्या, मेंढ्याशी लग्न लावतोयस का? सोड ना यार." सगळे हसले, अगदी फरशी धुणारेसुद्धा.

मी सुरी खाली ठेवली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "रघुभाऊ, मेंढ्याला कावीळ आहे."

त्यांचं हसू एकदम गेलं. "कावीळ? काय सांगतोस?"

"हे मटण विकलं असतंत तर लोकं मेली असती. काय आणता, कुठून आणता, बघत जा जरा."

लोकं मेली असती. हे वाक्य साफ खोटं होतं. काविळीचं जनावर खायला लायक नसतं हे खरं, पण ते खाऊन कुणाला कावीळ होत नाही, कुणी मरत तर नाहीच. मला ते माहीत होतं. पण त्या क्षणी मोठं वाक्य हवं होतं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. हसणं थांबलं. आजूबाजूचे खाटीक रघुभाऊंपासून किंचित बाजूला सरकले. आणि रघुभाऊ — ते भांडले असते तर किती बरं झालं असतं. ते घाबरले. विश्वास ठेवला त्यांनी माझ्यावर. हात जोडून म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे. आईशप्पथ, माहीत नव्हतं. धनगर नेहमीचा होता."

मला त्यांची दया आली का? नाही. मला गोड वाटलं.

नियमाप्रमाणे मेंढा थंड खोलीत टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच आत गेलो. पाऊस उघडला होता. झडप उघडून चांगला उजेड आत घेतला. चरबी फिकट, लोण्यासारखी. डोळे पांढरे स्वच्छ. दोऱ्या पांढऱ्या. मोठी रक्तवाहिनी चिरून पाहिली, आतून शुभ्र. त्या मेंढ्याला काहीही झालेलं नव्हतं. माझी चूक झाली होती, आणि चूक व्हायला हरकत नव्हती. म्हणून तर दुसऱ्या दिवशी परत बघायचा नियम असतो. शिक्का मारून रघुभाऊंना बोलवायचं आणि म्हणायचं, जनावर चांगलं आहे, घेऊन जा. एवढंच होतं.

मग मी परत पम्या झालो असतो.

मी दोघा कामगारांना हाक मारली आणि म्हणालो, बाद आहे, फेका. बाद म्हटल्यावर मटणाला जागोजागी चिरा देतात आणि वरून फिनेल ओततात, म्हणजे कुणी चोरून नेऊन विकू नये. कामगारांनी मान वर करून बघितलंही नाही. साहेब म्हणाले बाद, तर बाद. मी घाई केली. रघुभाऊ बघायला येतील त्याच्या आत फिनेल पडायला हवं होतं. ते आले तेव्हा नुसता वास उरला होता. त्यांनी नाकाला रुमालही लावला नाही. त्या ढिगाकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "बरं झालं साहेब."

साहेब! तेव्हापासून ते मला साहेबच म्हणाले.

इथपर्यंतचं पाप लहान आहे. म्हणजे — तसं लहान नाही, पण इथेच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. एका मेंढ्याचं नुकसान माणूस सोसतो. चार दिवस लोक बोलतात आणि विसरतात.

रघुभाऊंची थोरली मुलगी सुलभा तेव्हा माहेरी आलेली होती. पहिलं बाळंतपण. सासर लांब, तिथे बघायला कुणी नाही, म्हणून जरा लवकरच आणलं होतं. सुलभा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. आमच्या जिन्यात बसून सागरगोटे खेळायची आणि हरली की रडायची. पोर आली म्हणून रघुभाऊंना अस्मान ठेंगणं झालेलं. त्या रविवारच्या आधीच्याच आठवड्यात त्यांनी त्याच धनगराकडचा, त्याच कळपातला एक मेंढा कापला होता आणि सुलभासाठी रोज अळणी चाललं होतं. रोज संध्याकाळी वाटी हातात घेऊन तिच्यासमोर बसायचे, संपवल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. ती नाक मुरडायची. काकू हे नंतर सांगायच्या, पुन्हा पुन्हा.

श्रावण संपता संपता सुलभाचे डोळे पिवळे झाले.

तुम्हाला कळलं असेल आता पुढे काय. मला मात्र तेव्हा कळायला वेळ लागला, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आधी घरगुती उपाय झाले — कुणी पाल्याचा रस दिला, कुणी मंतरलेली काविळीची माळ डोक्यावर घातली, ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरते म्हणतात. माळ उतरली, कावीळ उतरली नाही. मग इस्पितळ. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गणपती बसायच्या आधी सुलभा गेली. बाळ पोटातच गेलं.

गल्लीत त्या पावसाळ्यात कावीळ आणखी चार-पाच घरांत होती. आमच्या समोरच्या कांतिभाईंचा मुलगा महिनाभर अंथरुणावर होता, आणि त्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. नळाला सारखं गढूळ पाणी येत होतं. नंतर पालिकेच्या कामगारांनी गटाराच्या कडेला रस्ता खणला तेव्हा पाण्याचा पाइप फुटलेला निघाला. मी येता-जाता थांबून तो पाइप पाहिला. कावीळ पाण्यातून आली होती. हे कळायला जनावरांचा डॉक्टर कशाला, कुणालाही कळलं असतं. पण ज्याच्या घरात मढं पडलं आहे तो रस्ता खणलेला बघायला जात नाही. आणि रघुभाऊंच्या डोक्यात माझं वाक्य होतं.

मी त्यांच्याकडे भेटायला गेलो तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. आई बरोबर होती. ती आत काकूंजवळ जाऊन बसली. रघुभाऊ बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले. दाढी वाढलेली. दुकान बंदच होतं. मग त्यांनी मान वर केली.

"साहेब, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना रघुभाऊ."

"तिनं खाल्लं ते त्याच कळपातलं होतं. मीच पाजलं, या हातानं. नको म्हणत होती पोरगी. त्यानंच झालं ना?"

आता माझं ऐका. त्या खोलीत तेव्हा दुसरं कुणीही नव्हतं. आतून आईचं हळू बोलणं ऐकू येत होतं. मला दोन वाक्यं म्हणायची होती — मटणातून कावीळ होत नाही रघुभाऊ, आणि तुमच्या मेंढ्याला कावीळ नव्हतीच, मी चुकलो. दुसरं नाही तर निदान पहिलं. पहिल्याने माझं काहीच जात नव्हतं. पण पहिलं बोललो असतो तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग तुम्ही लोकं मेली असती असं कसं म्हणालात? आणि तो धागा ओढला की सगळंच उसवत जाणार होतं. थंड खोली, दिवसाचा उजेड, घाईने ओतलेलं फिनेल. मी ते सगळं एका क्षणात पाहिलं. पुढे ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत मी म्हणालो —

"आता त्याचा विचार करू नका, रघुभाऊ."

किती समजूतदार वाक्य आहे! कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, पोरगा शहाणा आहे. रघुभाऊंनी त्यातून जे ऐकायचं ते बरोबर ऐकलं. हो, त्यानेच झालं. तुम्हीच मारलं. त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. उलट माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही तो दुसरा फेकलात म्हणून बरं, नाहीतर आणखी कुणाकुणाच्या लेकी गेल्या असत्या."

आणि मी तो हात धरू दिला.

घरी येताना आई म्हणाली, "त्या बापाच्या तोंडाकडे बगवना नाय रे." मी हो म्हटलं.

पुढे रघुभाऊंनी दुकान उघडलंच नाही. लोकांनी सांगून पाहिलं, काकूंनी सांगून पाहिलं. जागा एका कोंबडीवाल्याला दिली आणि स्वतः नाहूरकडे एका गोदामावर रखवालदार म्हणून राहिले. एवढा गप्पांचा माणूस, दिवसभर लोखंडी दाराशी स्टुलावर बसायचा. धाकटी मुलगी नंदा लग्न होऊन गेली. तिला दिवस गेले तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणू दिलं नाही त्यांनी. काकू रडल्या, भांडल्या. नाही म्हणजे नाही. "माझ्या घरात नको," एवढंच म्हणाले. नंदाला वाटलं बापाची माया आटली. तिने पुढे माहेरी येणंच सोडलं. तिला काय ठाऊक?

मी सांगायला गेलो होतो का? एकदा गेलो होतो. गोदामाच्या दाराशी. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले. मी तोंड उघडणार इतक्यात समोरच्या टपरीवर ओरडले, "अरे साहेबांना चहा दे, पेशल!" पोऱ्या चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी ग्लास त्याच्या हातातून घेऊन मला दिला नाही. त्याला म्हणाले, "तूच दे." मला वाटलं, रखवालदार झाल्याचा संकोच असेल. मी चहा प्यालो. पावसाबद्दल बोललो. परत आलो. तेव्हा मला बढती मिळायची होती. हेही खरं आहे, म्हणून सांगतो. बढती मिळाली.

त्या चहाचा अर्थ मला कळला तो माझ्या मुलीच्या बारशाला.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही तोवर मुलुंडला राहायला गेलो होतो, पण आईने सगळ्या जुन्या गल्लीला आमंत्रण धाडलं. रघुभाऊ आणि काकू आले. ते इतके वाळले होते की दारात मी आधी ओळखलंच नाही. धुतलेला सदरा, हातात बाळासाठी झबलं. आत बायकांचा गलका चाललेला, पाळणा सजवलेला. नाव ठेवून झालं आणि आईने चांदीच्या वाटीत मध घेतला. आमच्याकडे घरातली वडीलधारी माणसं बाळाच्या ओठांना मधाचं बोट लावतात. वडील माझे गेले होते. आई बाळाला घेऊन सरळ रघुभाऊंकडे गेली. म्हणाली, "भाऊ, आजोबाच्या जागी तुमीच. लावा बोट."

रघुभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

आईला वाटलं, लाजले. तिने वाटी आणखी पुढे केली. ते एक पाऊल मागे सरले, भिंतीला लागले. हात मागेच. आणि हळूच म्हणाले, "माझा हात नको, वहिनी. लहान जीव आहे. माझ्या हातचं नको."

आई वाटी घेऊन तशीच उभी. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांना माहीत होतं. सुलभा गेली त्या दिवसापासून ह्या माणसाने कुणाच्याही हातावर काहीही ठेवलं नव्हतं. प्रसाद नाही, चणे-फुटाणे नाहीत, घोटभर पाणी नाही. घरातसुद्धा पानावर वाढायचे नाहीत. मुंग्यांना साखरसुद्धा टाकायचे नाहीत, असं काकू नंतर आईला म्हणाल्या. आपल्या हातचं खाल्लं की माणूस मरतो, असं त्यांनी धरलं होतं.

मी दोन पावलांवर उभा होतो. नवी पँट, कपाळाला टिळा. सगळं घर माझ्याकडे बघत होतं, कारण बाळ माझं होतं. रघुभाऊही माझ्याकडेच बघत होते. ते काय मागत होते? काही मागत नव्हते. मी समजून घेईन असं त्यांना वाटत होतं. मेंढ्याचा तो सगळा प्रकार ज्याला माहीत आहे असा त्या घरात एकच माणूस आहे, असं त्यांना वाटत होतं. आणि ते बरोबर होतं.

मी पुढे झालो. आईच्या हातून वाटी घेतली. म्हणालो, "राहू दे आई, त्यांना आग्रह नको करू." आणि बाळाच्या ओठांना मध मी लावला.

कुणीतरी पेढे फिरवले. रघुभाऊंनी माझ्याकडे बघून हात जोडले — सुटका केल्याबद्दल. मीही जोडले.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. मी मयताला गेलो. शेवटी तोंडात पाणी घालायला सगळे एकेक करून पुढे होत होते. नंदा आली नव्हती. मीही पळीभर पाणी घातलं. त्या माणसाचे हात पोटावर एकावर एक ठेवलेले होते. चांगले हात होते. त्यांच्या हातून कुणाचंही काहीही वाईट झालेलं नव्हतं, आणि हे फक्त मलाच ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.